‘काही त्रास नाही’ असं लिहिलेली वही

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ह्या माणसाने माझ्या हातच्या जेवणाला एकदाही नाव ठेवलेलं नाही. शाळेतल्या बाकीच्या बाया म्हणतात, नशीबवान आहेस बाई. कायची नशीबवान! एकदा परीक्षेचे पेपर तपासता तपासता वरणात मीठच टाकायचं राहिलं. ह्यांनी दोन वाट्या वरण भुरकलं, वरून "मस्त झालं" म्हणाले. मी पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "अहो, सांगाल की नाही?" तर म्हणतात, "तू एवढी दमून-भागून करते, मंग कायले सांगाचं?" तेव्हा मला हसू आलं होतं.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं, तसं लहानच. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती बघतात. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. पण गावात ह्यांची ओळख शेतीवरून नाही, पंगतीवरून आहे. लग्न असो, तेरवी असो, देवळातला भंडारा असो, वाढायला उभे राहणारे सगळे पोट्टे ह्यांच्या शब्दावर चालतात. हे मधोमध उभे राहणार, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज पार शाळेपर्यंत येणार. "कढी फिरवा! तिकडच्या ओळीत भाजी गेली नाही! अरे, म्हाताऱ्या माणसाले बुंदी वाढ ना बाप्पा!" थंडीत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत असला की निखाऱ्यांपासून शेवटच्या पत्रावळीपर्यंत ह्यांचंच राज्य.

आणि ह्यांचा एक नियम आहे. वाढणाऱ्याचं मन मोडायचं नाही. ज्याने चुलीपाशी उभं राहून जीव जाळला, त्याच्या तोंडावर "खारट झालं" म्हणणारा माणूस ह्यांच्या लेखी माणूसच नाही. एका लग्नात वांग्याची भाजी खाली लागली होती. नवरदेवाकडच्या एका पाहुण्याने ते चारचौघांत बोलून दाखवलं. त्याला बारा वर्षं झाली असतील. तो पाहुणा बाजारात दिसला की हे अजून रस्ता बदलतात.

सहा-सात वर्षांपूर्वी ह्यांच्या डाव्या बरगडीखाली जड जड लागायला लागलं. म्हणजे मला ते नंतर कळलं, हे कुठले बोलायला! पायजाम्याची नाडी ढिली बांधायला लागले, अर्ध्या पोळीवर उठायला लागले, तेव्हा मी हाताला धरून यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणाले, रक्त तपासलं, आणि रिपोर्ट पाहून लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. तिथून आम्हाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या, पण सावकाश चालणारा प्रकार. रोज एक गोळी घ्यायची, आयुष्यभर, आणि बहुतेकांचं चांगलं चालतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. हे शेजारी बसले, पाठीवर हात फिरवत म्हणाले, "रडू नको व. चाल, चहा पिऊ."

गोळीने पाच-सहा वर्षं खरंच चांगली गेली. मग मागच्या वर्षी रिपोर्ट बिघडायला लागले. त्या वाईट पेशींनी गोळीला चकवायला शिकून घेतलं, असं डॉक्टरांनी समजावलं. दुसरं औषध आहे, पण त्याचबरोबर एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे, तिच्यात यायचं का ते बघा, म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही. नवी गोळी लागू पडेल असं वाटतं, पण खात्री नाही, ती करून घ्यायलाच ही चाचणी आहे. कोणाला नवी गोळी आणि कोणाला सध्या मिळणारी, ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांचाही त्यात हात नाही. मनात येईल तेव्हा बाहेर पडता येईल. कागद मराठीत होते, भलेमोठे. मी ते तीनदा वाचले, लाल पेनने खुणा केल्या आणि एवढे प्रश्न विचारले की शेवटी डॉक्टर हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरीलाच या."

गावात बातमी लपते थोडीच. ओट्यावर दोघे-तिघे येऊन बसले. "काहून करतं बाप्पा असं? तुह्यावर प्रयोग करून राह्यले ते, उंदरासारखा!" ह्यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "नवं बियाणं आलं की कोणी ना कोणी पयले दोन ओळी पेरून पायतेच ना? मंग तो काय उंदीर असते?"  मी आत कपबशा धूत होते, मला नवऱ्याचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

कॉम्प्युटरने ह्यांच्या वाट्याला नवी गोळी दिली.

चाचणीचं रोजचं काम बघायला तिथे एक तरुण मुलगी होती. हे तिला ताई म्हणायचे, ती ह्यांना काका. तिने गोळ्यांची बाटली दिली आणि सोबत एक वही. रोज सकाळी गोळी घेतली की वेळ लिहायची, आणि पुढच्या रकान्यात दिवसभरात काय त्रास झाला ते. ती म्हणाली, "काका, काहीही झालं तरी लिहा. सर्दी झाली, डोकं दुखलं, पाय सुजला, सगळं. गोळीमुळे आहे की नाही ते आम्ही बघू. तुम्ही फक्त लिहायचं." ह्यांनी मान हलवली. ह्यांचं मान हलवणं आणि ऐकणं ह्यांत फार अंतर असतं, हे त्या बिचारीला काय ठाऊक.

तिथल्याच बाकावर आम्हाला मिस्त्री भेटले. पांढरकवड्याचे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे, ह्यांच्याच वयाचे. आजार तोच, गोळीही तीच नवी. पहिल्या तासाभरात दोघांनी आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा सगळा इतिहास उकरून काढला. मिस्त्रींचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. "भाऊ, अपनी गोली एक, डॉक्टर एक, म्हणजे आपण सगे भाऊच झालो ना!" त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायला लागले. पुढच्या तारखेला भाभींनी शेवया आणल्या, मी रोडगे आणि वांग्याची भाजी. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून आम्ही चौघं जेवलो. येणारे-जाणारे बघत होते, की हे आजारी आहेत का सहलीला आलेत.

तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी खुर्चीवरून उठून ह्यांचा हात हातात घेतला. गोळी लागू पडली होती. वाईट पेशी झपाट्याने कमी झाल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींचाही रिपोर्ट तसाच चांगला. आता दर महिन्याला यायची गरज नाही, तीन महिन्यांनी या, मधे ताई फोन करत जाईल, असं ठरलं. ताईचा फोन आला की हे अंगणात जाऊन बोलायचे, मोठ्याने, हसत. "एकदम मस्त, ताई! काहीच त्रास नाही!"

उन्हाळ्यात शेजारच्या घरी लग्न होतं. पंगतीचा ताबा अर्थातच ह्यांच्याकडे. मी बायकांच्या ओळीत बसले होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. मग लक्षात आलं की आवाजच नाही. हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि नुसत्या हाताने खुणा करत होते. पोट्ट्यांना खुणा कळेनात. दोघं कढी घेऊन एकाच ओळीत शिरले आणि एक ओळ तशीच कोरडी बसून राहिली. माझ्या बाजूची म्हातारी ओरडली, "काय रे, आज भोंगा बंद हाय का?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, आणि मग माझा घास तोंडातच फिरायला लागला.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. शेतातून येताना हे बांधावर दोनदा बसायचे. दुपारी जेवण झालं की खाटेवर पडायचा माणूस, तो आता खुर्चीतच डोळे मिटून बसायचा, रात्रीही उकाड्याचं निमित्त करून अंगणात खुर्ची टाकायचा. विचारलं तर, "पाठीले बरं वाटते खुर्चीत." पुन्हा विचारलं तर, "ऊन कसं तापून राह्यलं, पाय ना. अन् वय झालं का नाही आता?" असं गोड बोलून मला गप्प करण्यात हा माणूस पटाईत आहे. वर्गातलं खोटं मी लगेच हेरते, पण ह्यांच्यापुढे तेही चालत नाही.

मग तो गुरुवार आला. शाळा सकाळची होती, मी घरी येऊन पुढच्या तारखेचं कार्ड शोधत होते. फळीवर ती वही दिसली. सहज उघडली. ह्यांचं अक्षर फार सुबक, मोत्यासारखं. रोजची गोळीची वेळ, आणि पुढे ‘काही त्रास नाही’. सोमवार, काही त्रास नाही. मंगळवार, काही त्रास नाही. बुधवार, गुरुवार, तेच. मी पान उलटलं. शुक्रवार, काही त्रास नाही. शनिवार, काही त्रास नाही. पार महिना संपेपर्यंत! अव माय! पंचवीस वर्षं मास्तरकी केली मी. दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे पाहिले, बापाची सही ठोकणारे पाहिले. पण उद्याचा गृहपाठ आजच लिहून, वरून बरोबरची खूण करून ठेवणारा हा पहिलाच विद्यार्थी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

हे शेतातून आले आणि ओट्यावर टेकले. मी वही समोर आपटली. "हे काय हाये?"

"डायरी," म्हणाले.

"परवा तुम्हाला काही त्रास होणार नाही, हे आजच कसं कळलं? पंचांगात निघालं का?"

ह्यांना हसू आलं. हसता हसता ठसका लागला आणि तो थांबेना. थांबला तेव्हा मी म्हटलं, "चला आत. माझ्यासमोर खाटेवर आडवे पडा बरं."

"आता? कायले?"

"पडा म्हणते ना."

पडले. मी कमरेवर हात ठेवून उभी. एक मिनिटसुद्धा झालं नसेल, हा माणूस धडपडून उठून बसला. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली, ओठांचा रंग गेलेला. मी पाण्याचा तांब्या दिला. 

"किती दिवस?" मी विचारलं.

"दीड महिना असन."

"दीड महिना! आणि ती पोरगी फोन करते तेव्हा तुम्ही मस्त, मस्त करत बसता!"

मग हे बोलले. थांबत थांबत, दम घेत. "हे पाय, ते लोकं चांगले हायेत. फुकटात औषध देऊन राह्यले. जीव लावून राह्यले. अन् त्यायच्याच गोळीले मी नाव ठेवू? कोणत्या तोंडानं? अन् दुसरं असं का, मी लिहिलं तर गोळी बंद करतीन. माही तर जाईनच, पण मिस्त्रीची बी जाईन, आणखी कुठकुठले लोक असन त्यायची बी जाईन. माह्या एकट्याच्या दम लागण्यापाई सगळ्यायचं ताट उचलू का मी?"

 हा माणूस औषधाच्या चाचणीत पाहुणा म्हणून बसला होता! डॉक्टर वाढतात, ताई वाढते, आपण मुकाट गिळायचं आणि मस्त झालं म्हणायचं.

"ताट कोणी उचलत नाही!" मी ओरडले. गल्लीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "ताटात काय पडलं ते सांगा, एवढंच विचारून राह्यले ते! तुम्ही सांगत नाही म्हणून त्यांना कळत नाही. आणि चांगुलपणाच्या पायी मला विधवा करायला निघालात का हो तुम्ही?" एवढं बोलले आणि माझाच बांध फुटला. मी तिथेच जमिनीवर बसून पदरात तोंड घालून रडले. हे म्हणतात, "पयले जेवून घे." अशा वेळी असं बोलणाऱ्या माणसाचं करावं काय!

मी ताईला फोन लावला. हे मागून "नको, नको" करत होते. मी सगळं सांगितलं, वहीसकट. तिचा आवाज बदलला. "काकू, आजची गोळी घेतली असेल, पण उद्याची देऊ नका. आणि बसची वाट बघू नका, गाडी करून आत्ता निघा. मी डॉक्टरांना सांगून ठेवते." शेजाऱ्याची गाडी काढली. वडकीपासून हायवे लागला, तरी हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी चुगली केली होती ना! वाटेत गाडी चहाला थांबली. ह्यांनी दोन चहा सांगितले, एक माझ्यापुढे सरकवला, तेही माझ्याकडे न बघता.

दवाखान्यात पोचताच छातीचा फोटो काढला. फुफ्फुसाच्या भोवती पाणी साचलं होतं. गोळीमुळे असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. पाठीत सुई घालून ते पाणी काढलं. नळीखालची पिशवी भरत गेलेली मला बघवेना, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मग मागून ह्यांचा श्वास ऐकू आला. लांब, पुरा, कितीतरी दिवसांनी. पण मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. गोळी बंद. तीन आठवडे नुसती वाट बघायची. पाणी पुन्हा भरलं नाही तर कमी ताकदीची देता येईल, चाचणीच्या नियमात तशी सोय आहे. भरलं, तर ह्या गोळीचा विषय संपला. आणि मधल्या काळात तो आजार काय करेल ते रक्तच सांगेल.

ताई खाटेपाशी आली. हे उठून बसायला लागले. "ताई, माफ करा बाप्पा. तुमच्या गोळीची बदनामी झाली माह्याच्यानं."

ती पोर स्टुलावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, तिचे डोळे भरले होते. "काका, बदनामी कसली? हेच तर शोधायचं आहे आम्हाला. तुम्ही ‘काही त्रास नाही’ लिहिता, मी ते खरं मानून पुढे पाठवते. तिकडच्या लोकांना वाटतं, ह्या गोळीने दम लागत नाही. मग पुढच्या माणसाला कोणी धड विचारतच नाही."

"पुढच्या माणसाले," हे स्वतःशीच म्हणाले. चेहरा असा उतरला की मला वाटलं पुन्हा दम लागला. ताई गेल्यावर ह्यांनी माझा हात धरला. "फोन लाव. मिस्त्रीले."

"आता? आराम करा ना."

"लाव म्हणतो ना. त्याले बी दम लागत होता. मागच्या तारखेले बाकावर बसून मले विचारत होता, जिना चढताना दम लागते, लिहू का म्हणून. मी म्हटलं, नको लिहू, उन्हाळा हाये. म्हटलं, लिहिलं तर आपली दोघायची गोळी जाईन." एवढं बोलून ह्यांनी तोंड फिरवलं.

ह्या वेळी मी रागावले नाही. रागवायला अंगात काही उरलंच नव्हतं. फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला.

"अरे भाऊ! क्या हाल?" मिस्त्रींचा आवाज नेहमीसारखा हसरा.

"बरं नाही मिस्त्री," हे म्हणाले. "दवाखान्यात हावो. छातीत पानी भरलं होतं. त्या गोळीनंच. मी तुले चुकीचं सांगतलं. लिहू नको म्हटलं ना मी, ते चुकीचं सांगतलं. तुह्या दम लागण्याचं काय हाये, खरं सांग."

 मग, "अरे, मेरा तो थोडासाच हाय..." एवढं म्हणताहेत तोच मागून भाभींचा आवाज कडाडला, "थोडासा? पंद्रह दिन से कुर्सी पे बैठ के सो रहे हैं! मुझे बोलते हैं, पंखे की हवा अच्छी लगती है!" मी म्हटलं, "भाभी, काही ऐकू नका त्यांचं. गाडीत टाका आणि इकडे घेऊन या. मी ताईला सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. वेळेवर आले म्हणून थोडक्यात निभावलं. पाणी होतं, पण कमी. सुई लागली नाही, औषधावरच उतरेल म्हणाले. गोळी मात्र त्यांचीही थांबवली. ताईने दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळवून दिल्या. मी आणि भाभी मधे स्टूल टाकून बसलो आणि दोघांना आळीपाळीने झाडलं, दोन भाषांत. दोन म्हातारे, शाळेबाहेर उभे केल्यासारखे, चादरीकडे बघत बसले होते. मधेच मिस्त्री ह्यांना हळूच म्हणाले, "भाऊ, माफी-वाफी नको मागू. फोन केला ना तू." ह्यांनी नुसतं त्यांच्या खाटेच्या कडेवर थोपटलं. ताईने सांगितलं की आता ह्या चाचणीतल्या प्रत्येकाला, जिथे जिथे ती चालू आहे तिथे, आडवं झोपता येतं का हे वेगळं विचारणार आहेत.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. दम गेला होता, हे पुन्हा खाटेवर झोपत होते, गालावर रंग आला होता. बघणाऱ्याला वाटावं, बरा झाला माणूस. पण गोळी नव्हती. आत काय चाललं होतं ते आम्हाला कुठे दिसत होतं? सकाळी सहाला, गोळीच्या वेळेला, हे सवयीने पाण्याचा पेला भरून घ्यायचे, क्षणभर तसेच उभे राहायचे, आणि पाणी तुळशीला टाकायचे. मी चुलीपाशी पोळ्या लाटत ते बघायचे. वही रोज लिहीत होते, आता त्या त्या दिवशीच. एकदा ‘गुडघा दुखला’ लिहिलं, एकदा ‘तोंडाला चव नाही’. मी डोळ्यांत तेल घालून वाचायचे. पण ह्यांच्या मनात काय आहे ते त्यात नव्हतं, आणि विचारलं की तेच. "काही नाही व. होईन नीट."

तारखेला गेलो. रक्त दिलं, फोटो काढला, बाकावर बसून राहिलो. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांसमोर दोन्ही रिपोर्ट होते. छाती साफ होती. रक्तात मात्र त्या पेशी थोड्या वर चढायला लागल्या होत्या. "कमी ताकदीची गोळी सुरू करता येईल," डॉक्टर म्हणाले. "पाणी पुन्हा भरू शकतं. कमी गोळीने आजार आटोक्यात राहील का, तेही आज सांगता येत नाही. चाचणीत राहायचं की दुसऱ्या औषधावर जायचं, ते तुम्ही ठरवा. पण आधी मला सांगा काका, तुम्हाला कसं वाटतंय? खरं सांगा."

ताई वही उघडून बसली होती. मी बघत होते. ‘मस्त’ ह्यांच्या ओठांवर आलं होतं, मला दिसलं ते. मग ह्यांनी ते गिळलं. टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "साहेब, मले भेव लागते."



"गोळी घ्याले भेव लागते, अन् नाही घेतली तं आणखी भेव लागते. ही शाळेत गेली का मी घरात एकटा बसून रडतो. हिले दिसू देत नाही. मले मराचं नाही, साहेब. मले हिच्यासंग आणखी राहाचं हाये."

ताईने पेन खाली ठेवलं. ज्याने बोलावं म्हणून मी एवढी भांडले, तो बोलला, आणि मला ते ऐकवेना. मी उठले, ह्यांच्या खुर्चीपाशी गेले, आणि डॉक्टरांच्या देखत ह्यांचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. ह्यांचे खांदे हलत होते. डॉक्टर खिडकीकडे बघत बसले, कोणी घाई केली नाही. थोड्या वेळाने ह्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले, नाक पुसलं आणि विचारलं, "ते कमीवाली गोळी कधीपासून घ्याची?"